रायफल बाहेर, फोन पेटीत

पत्र

ताई, मी २२ वर्षांची आहे. १० मीटर एअर रायफल खेळते, राष्ट्रीय संघात आहे. सरावात साठ शॉटचा मिळून माझा स्कोअर ६३०च्या आसपास असतो. स्पर्धेत मात्र गेलं वर्षभर ६२५-६२६वर अडकलाय. मागच्या स्पर्धेत कशीबशी फायनल गाठली. क्वालिफिकेशन, म्हणजे फायनलआधीची पात्रता फेरी. क्वालिफिकेशन संपल्यावर फोन उघडला. अभिनंदनाचे ढीगभर मेसेज होते, आणि त्यातच कुणा अनोळखी माणसाची कमेंट होती, ‘ही फायनलमध्ये नेहमीच लटपटते.’ फायनलच्या अकराव्या शॉटला नेमकं तेच वाक्य डोक्यात आलं आणि शॉट ९.४ गुणांचाच गेला. बाराव्या शॉटनंतर मी आठवी, म्हणजे बाहेर. कोच म्हणतात, फोन फेकून दे. पण प्रायोजकाच्या करारात दर महिन्याला ठरावीक पोस्ट टाकायच्या आहेत. शिवाय दौऱ्यावर हॉटेलच्या खोलीत फोन नसेल तर मला वेड लागेल. सगळं बंद करू का? की फोन हे नुसतं निमित्त आहे आणि खोट माझ्यातच आहे?

– अकरावा शॉट

उत्तर

प्रिय अकरावा शॉट,

फोन फेकू नकोस. पण तो कधी हातात घ्यायचा, हे तुला बदलावं लागेल आणि ते अर्धवट करून भागणार नाही.

तुझ्या पत्रातलं एक वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं, ‘क्वालिफिकेशन संपल्यावर फोन उघडला.’ तू ते इतक्या सहज लिहिलंयस, जसं कुणी लिहावं की जॅकेटची बटणं सोडली. तुझी फायनल अकराव्या शॉटला नाही बिघडली. ती तिथे बिघडली.

अकरावा शॉट आपण जरा जवळून बघू. एका शॉटला ५० सेकंद. तू रायफल खांद्याला लावलीस, गाल टेकवला, श्वास सोडत नळी खाली आणलीस. समोर १० मीटरवर दहा गुणांचा ठिपका, अर्धा मिलिमीटरचा. तुझा छर्राच साडेचार मिलिमीटरचा असतो, म्हणजे ज्याला लावायचा ते छर्र्यापेक्षा कितीतरी लहान. आणि तेवढ्यात ते वाक्य आलं. आता, वाक्य मनात यायला दोन सेकंदसुद्धा लागत नाहीत. ते येऊन गेलं असतं तर काहीच बिघडलं नसतं. पण असलं वाक्य आलं की त्याला उत्तर द्यावंसं वाटतं. ‘नाही, मी लटपटत नाही. आता दाखवतेच.’ आणि दाखवायचं म्हणून धरलेला होल्ड, म्हणजे रायफल नेमावर स्थिर धरणं, हमखास लांबतो. पहिल्यांदा जिथे ट्रिगर सुटायला हवा होता तिथे तू थांबली असशील, अजून नीट, अजून स्थिर म्हणत. मग डोळ्यातलं चित्र गढुळतं, खांदा थरथरायला लागतो आणि रायफल खाली घेऊन नव्याने सुरुवात करायची हिंमत होत नाही, कारण घड्याळ चाललेलं असतं. ९.४ असाच जातो. मी तिथे नव्हते, पण असे ९.४ मी रेंजच्या मागे उभी राहून इतके पाहिलेत की पैज लावायला तयार आहे.

म्हणजे त्या माणसाने तुझा नेम चुकवला नाही. त्याने तुला बोलण्यात गुंतवलं.

तुमच्या खेळात एक गोष्ट मला कायम गमतीची वाटते. बीटा-ब्लॉकर नावाची औषधं नेमबाजीत बंद आहेत, स्पर्धेतही आणि स्पर्धेबाहेरही. का, तर ती हृदयाचे ठोके मंदावतात आणि हाताचा कंप कमी करतात. २००८च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये उत्तर कोरियाच्या किम जोंग-सू या नेमबाजाची दोन पदकं अशाच औषधापायी, प्रोप्रानोलोलपायी, काढून घेतली गेली. ठोका शांत असणं ही एवढी मोलाची गोष्ट, की ती गोळीने मिळवणं हा गुन्हा ठरतो. आणि फायनलच्या आधी आपण काय करतो, तर जी वस्तू ठोका वाढवते तीच स्वखुशीने हातात धरून बसतो. ती वाढवायला शिवीच लागते असं नाही. अभिनंदनाचे ढीगभर मेसेजही तेच काम करतात, कारण प्रत्येकात न लिहिलेली एक ओळ असते, ‘आता फायनल मार हं!’

तू विचारलंयस, हे निमित्त तर नाही? नाचता येईना अंगण वाकडं, असं तुला स्वतःबद्दल वाटतंय. थोडं अंगणही वाकडं आहे, हे दाखवणारं काम झालेलं आहे. न्यूयॉर्कमधल्या स्टोनी ब्रुक विद्यापीठाच्या संशोधकांनी २००९ ते २०१६ या काळातले एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगचे ११२ बास्केटबॉलपटू घेतले आणि कोण रात्री ११ ते सकाळी ७च्या दरम्यान ट्विट करतं ते पाहिलं. आदल्या रात्री उशिरा ट्विट केलेलं असेल तर दुसऱ्या दिवशीच्या सामन्यात तोच खेळाडू सरासरी साधारण एक गुण कमी करत होता आणि बास्केट साधण्याचं प्रमाण १.७ टक्के बिंदूंनी घसरत होतं. आता यात दोष ट्विटचा की न झालेल्या झोपेचा? बहुतेक झोपेचाच. ट्विट म्हणजे तो माणूस जागा होता याचा पुरावा. पण त्याला जागं कुणी ठेवलं होतं, हा प्रश्न उरतोच. आणि एक गुण म्हणजे बास्केटबॉलमध्ये फार काही नाही. तुझ्याकडे दशांशाने फायनल हुकते.

दुसरा प्रयोग ब्राझीलमधला, फुटबॉलपटूंवरचा. त्यांनी सामन्याआधी कधी १५ मिनिटं स्मार्टफोनवर सोशल मीडिया पाहिला, कधी ३०, कधी ४५. पंधरा मिनिटांनी फरक पडला नाही. तीस आणि पंचेचाळीस मिनिटांनी मात्र पास कुणाला द्यायचा हा निर्णय बिघडला. पाय तेच, दम तोच, फक्त डोकं आधीच थकलेलं. स्क्रोल करणं आपल्याला आराम वाटतो ही खरी फसगत आहे. प्रत्येक रीलला मेंदू एक छोटासा निकाल देत असतो, बघू की सोडू, हसू की चिडू, लाइक करू की नको. अर्ध्या तासात असे किती निकाल झाले ते मोज आणि मग साठ शॉटमध्ये तुला किती घ्यायचे असतात ते मोज.

अशा प्रयोगांवर डोळे झाकून विसंबू नये, असं माझं मत आहे. बरेचसे लहान असतात. २०१७मध्ये टेक्सासमधल्या एका अभ्यासाचा बराच गाजावाजा झाला होता, की फोन बंद असला तरी नुसता टेबलावर असला तर बुद्धी मंदावते, दुसऱ्या खोलीत ठेवला तर नाही. पुढे इतरांनी तोच प्रयोग करून पाहिला तेव्हा दर वेळी तसं निघालं नाही. म्हणून ‘फोनमुळे तुझे पाच गुण जातात’ असं छातीठोकपणे मी सांगणार नाही. ते तूच शोधायचंस, कसं ते पुढे सांगते.

आधी त्या कमेंटवाल्याचा विषय संपवू. हा माणूस कोण असतो? महिला टेनिस संघटना आणि आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघ यांनी २०२४ सालात खेळाडूंना उद्देशून केलेल्या सुमारे १६ लाख पोस्ट आणि कमेंट तपासल्या. त्यातल्या साधारण ८,००० शिवीगाळ किंवा धमकीच्या निघाल्या, आणि त्यातल्या ४० टक्के पैज हरलेल्या जुगाऱ्यांच्या होत्या. म्हणजे ज्या मुलीला ‘तू भित्री आहेस’ म्हणून लिहिलं, तिच्या भित्रेपणाशी त्या माणसाला काही देणंघेणं नव्हतं. त्याचे पैसे बुडाले होते. टोकियो ऑलिम्पिकच्या वेळी जागतिक ॲथलेटिक्स संघटनेने १६१ खेळाडूंच्या ट्विटर खात्यांवर नजर ठेवली होती, तेव्हा शिवीगाळीतला ८७ टक्के भाग स्त्रियांच्या वाट्याला आलेला दिसला. यात तुझं काय चुकलं हे शोधत बसू नकोस.

आणि त्याच टोकियोतली मनू भाकर आठव. क्वालिफिकेशन चालू असताना तिचं पिस्तूल बिघडलं, दुरुस्तीत मौल्यवान मिनिटं गेली, फायनल थोडक्यात हुकली. त्यानंतर टीकेचा जो भडिमार झाला, तो करणाऱ्यांपैकी किती जणांनी आयुष्यात पिस्तूल हातात धरलं असेल? २०२४च्या पॅरिसमध्ये तिने दोन कांस्यपदकं जिंकली. तेव्हा फुलं उधळणारेही बहुतेक तेच. मी हे प्रेरणा म्हणून सांगत नाही, मला त्या शब्दाचा कंटाळा आहे. इतकंच म्हणते, की तो जमाव तुझा खेळ बघत नाही. निकाल बघतो.

आणि माझं मुख्य म्हणणं इथेच आहे. तुझ्या लेनमध्ये एक मॉनिटर असतो. शॉट कुठे गेला ते तो दाखवतो, दशांशासकट, आणि गप्प बसतो. फोन हा दुसरा मॉनिटर आहे. तो तू कोण आहेस ते दाखवतो, तेही दर मिनिटाला बदलून. दोन्हींकडे एकाच दिवशी बघणारा नेमबाज मी तरी टिकलेला पाहिला नाही. तुझं सरावातलं ६३० आणि स्पर्धेतलं ६२५ यांच्यात तंत्राचा फरक नसावा. सरावाच्या दिवशी तुझा स्कोअर कुणी पोस्ट करत नाही, हा फरक आहे.

आता करायचं काय.

कोच ‘फेकून दे’ म्हणतात त्यामागची कळकळ मला समजते. गोपीचंद यांनी २०१६च्या रिओ ऑलिम्पिकआधी पी. व्ही. सिंधूचा फोन जवळजवळ तीन महिने स्वतःकडे ठेवला होता, आणि ती रौप्यपदक जिंकल्यावर आता फोन परत देणार असं जाहीरही केलं होतं. तो किस्सा सांगून कितीतरी कोच मुलांचे फोन जप्त करतात. पण त्यातली एक बाब ते विसरतात, त्या बंदीला शेवटची तारीख होती. बेमुदत बंदी कुणी पाळत नाही. मग पांघरुणात दुसरा फोन येतो. आगीतून फुफाट्यात. एका मुलाला मी ओळखत होते, त्याचा फोन कोचकडे जमा असायचा आणि तो रात्री खोलीतल्या जोडीदाराच्या फोनवर स्वतःचंच नाव शोधत बसायचा.

शिवाय तुमच्यासारख्यांना फोन खरोखरच फेकता येत नाही, हे कोचनाही ठाऊक असायला हवं. तू उत्तेजक चाचणीच्या नोंदणीकृत यादीत असशील तर रोजचा ठावठिकाणा भरावा लागतो, दिवसातला एक तास अमुक ठिकाणी सापडेन म्हणून. दौऱ्यात हॉटेल बदललं तर तिथल्या तिथे बदल कळवावा लागतो. बारा महिन्यांत तीन चुका झाल्या तर नियमभंग, आणि मग बंदी. हे सगळं हल्ली ॲपवर चालतं. ‘मन एकाग्र करायला फोन बंद ठेवला होता’ ही सबब कुणी ऐकून घेत नाही.

म्हणून दोन फोन कर. दौऱ्याच्या फोनवर ठावठिकाण्याचं ॲप, घरचे चार-पाच नंबर, कोच, फिजिओ, विमानाची तिकिटं आणि गाणी. त्या फोनवर एकही सोशल मीडिया ॲप नाही. नंबरही नवा, जो शाळेच्या ग्रुपला माहीत नाही. दुसरा फोन, म्हणजे आत्ताचा, रायफलच्या पेटीत. नियम एकाच ओळीचा ठेव: रायफल बाहेर आली की फोन आत. सरावालाही, स्पर्धेलाही. रायफल साफ होऊन पेटी बंद होईपर्यंत तो बाहेर काढायचा नाही. पेटी तू कुठेही विसरत नाहीस, म्हणून हा नियमही विसरणार नाहीस. क्वालिफिकेशन आणि फायनलच्या मध्ये रायफल पेटीत ठेवायची वेळ आली तरी पेटी ‘बंद’ म्हणायची नाही. ती फायनलनंतरच बंद होते.

स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळपासून निकाल लागेपर्यंत खातं तुझ्या हातात नसावं. बहीण, मैत्रीण, व्यवस्थापक, जी व्यक्ती तुझ्यावर प्रेम करते आणि फारशी बडबड करत नाही, तिच्याकडे पासवर्ड दे. तिला दोन कामं सांग. वाईट कमेंट उडवायच्या, धमकी असेल तर उडवण्याआधी तिचा स्क्रीनशॉट घेऊन नेमबाजी महासंघाकडे तक्रार करायची. आणि तुला काहीही सांगायचं नाही. चांगलंसुद्धा नाही. हे दुसरं जास्त अवघड जातं. ‘अगं, अमक्याने तुझी स्टोरी टाकली!’ हे फायनलच्या आधी कानावर पडणं म्हणजे पुन्हा तोच दुसरा मॉनिटर.

प्रायोजकाचा बाऊ करू नकोस. करारात महिन्याला किती पोस्ट ते लिहिलंय, त्या कुठल्या तारखेला आणि कुणी टाकायच्या हे बहुधा लिहिलेलं नाही. काढून वाच. शांत आठवड्यात चार व्हिडिओ करून ठेव आणि ते परस्पर जाऊ देत. पुढच्या करारात स्पर्धेच्या काळात मौन असं कलम घालून घे. खुद्द ऑलिम्पिक सनदेतच खेळाडूंच्या नावाने होणाऱ्या जाहिरातींवर स्पर्धेच्या काळापुरती बंधनं आहेत, त्यामुळे खेळाच्या धंद्यातल्या कुणालाच ही कल्पना नवीन नसते. बास्केटबॉलपटू लेब्रॉन जेम्ससारखा माणूस, ज्याच्या एकेका पोस्टला जग बघतं, तो प्लेऑफच्या, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद सामन्यांच्या, दिवसांत सोशल मीडिया बंद ठेवण्यासाठी ओळखला जायचा. त्याचे प्रायोजक पळाले नाहीत.

उलट उदाहरणही आहे, ते लपवत नाही. अमेरिकेची रग्बीपटू इलोना मेहर पॅरिसमध्ये सतत व्हिडिओ टाकत होती आणि तिच्या संघाने कांस्यपदकही जिंकलं. तिला ते जमतं. पण तिच्या खेळात एक चूक झाली तर पुढच्या क्षणी कुणाला तरी जाऊन भिडता येतं, धावता येतं, अंगातली आग बाहेर काढता येते. तुला जॅकेटमध्ये जखडून, जागेवरून न हलता, एकटीने ती जिरवायची असते. स्वभावही वेगळे असतात, खेळही.

हॉटेलच्या खोलीचं मात्र मला मनापासून पटलं. ‘वेड लागेल’ हे तू गमतीने लिहिलं नाहीस. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर घेऊन वर्षातले किती दिवस तू बाहेर असतेस! रात्री आठला खोलीचं दार लागलं की पुढचे दोन तास कसे काढायचे, हा तुझा खरा प्रश्न आहे, आणि कोचनी ‘फोन फेक’ म्हणताना याचं उत्तर दिलेलं नाही. फोन काढून घेतलास आणि त्या जागी काही ठेवलं नाहीस तर चार दिवसांत सगळं पहिल्यासारखं होईल. म्हणून रोज एका माणसाला फोन लाव, स्क्रीनवर नाही, आवाजावर, आणि खेळ सोडून बोल. संघातल्या कुणासोबत पत्ते कुट. विणकाम करणारी, कोडी सोडवणारी, जाडजूड कादंबऱ्या वाचणारी नेमबाज मंडळी मी पाहिली आहेत. त्यांना कुणी हसत नाही. गजरासाठी साधं घड्याळ घे, म्हणजे ‘गजर लावायला’ म्हणून फोन उशाशी येणार नाही. ही पळवाट मी स्वतः कित्येक वर्षं वापरली.

आणि आता मोजमाप. तुझी शॉट डायरी असेलच. तिच्यात दोन रकाने वाढव: काल रात्री फोन किती वाजता ठेवला आणि आज रायफल हातात घेण्याआधी तासाभरात काय पाहिलं. सरावाचे तीन आठवडे पेटीचा नियम एक दिवस पाळ, एक दिवस नको. मग दहा-दहा शॉटच्या सीरिज शेजारी मांडून बघ. सरासरी बदलली नाही तरी दचकू नकोस, मला सरासरीपेक्षा वाईट शॉटांची संख्या बघायची आहे. ९.८च्या खाली किती गेले? लांबलेले होल्ड किती? कदाचित काहीच फरक दिसणार नाही. तसं झालं तर फोनचा पिच्छा सोड आणि मला तसं लिही, मग आपण दुसरीकडे शोधू. सोशल मीडिया न बघितलेल्या दिवशीही झोप येत नसेल, रेंजवर जाण्याचीच धास्ती वाटत असेल, तर मात्र पत्राची वाट बघू नकोस, संघाच्या मानसतज्ज्ञाला सरळ भेट.

एक राहिलंच. वाक्य पुन्हा येणार. फोन पेटीत असला तरी ते डोक्यात साठवलेलं आहे, आणि ‘आठवायचं नाही’ म्हटलं की हमखास आठवतं. ते आलं की रायफल खाली घे. ५० सेकंदांत दोनदा उचलता येते, तू सरावात हजारदा केलंयस. खाली घ्यायची, एक श्वास, पाय जमिनीला लागलेत ते जाणवू द्यायचं आणि पुन्हा वर. त्या माणसाला उत्तर द्यायचं नाही. सरावात मुद्दाम कर हे: मैत्रिणीला सांग, अधूनमधून मागून ते वाक्य मोठ्याने म्हण. पहिल्या दिवशी तुला रडू येईल. आठवड्याने ती ते म्हणायला लागली की तुम्ही दोघी हसाल, आणि हसता हसता रायफल खाली घ्यायची सवय हाताला लागेल.

पुढच्या स्पर्धेनंतर लिही. स्कोअर मी शोधून बघेनच. मला एवढंच कळव, पेटी किती वाजता उघडलीस आणि किती वाजता बंद केलीस.

– ताई